बॉयलरवाल्या जगनरावांचा उकाडा

ठाण्याला वर्तकनगरातल्या एका जुन्या वसाहतीत, जिन्याखालच्या भिंतीवर काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही ते त्यावर लिहितात, टाकी धुण्याचा वार लिहितात, आणि कुणी वारलं तर त्याचं नाव व निघण्याची वेळही तिथेच लिहितात. बाकीच्या दिवशी तो फळा जगन सोनावणे यांचा असतो.

जगनराव रोज सकाळी अंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून चार मजले उतरतात, कालचा मजकूर ओल्या फडक्याने पुसतात आणि एक इंग्रजी शब्द लिहितात. खाली त्याचा मराठीत अर्थ. त्याच्या खाली त्या शब्दाचं मूळ, म्हणजे तो कुठल्या भाषेतून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, वाटेत काय झालं. या शेवटच्या भागाला ते शब्दाचं खानदान म्हणतात. ऑफिसला निघालेली माणसं तिथे क्षणभर थांबतात. काही वाचतात, काही नुसतीच थांबतात, कारण जगनराव शेजारी उभे असतात आणि न वाचता गेलेला माणूस त्यांच्या लक्षात राहतो.

जगनराव काही इंग्रजीचे मास्तर नव्हेत. वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. तरुणपणी नोकरीला लागले तेव्हा बॉयलरवरच्या पितळी पट्टीवरची इंग्रजी अक्षरं त्यांना नुसती लावून वाचता येत होती, अर्थ कळत नव्हता. ज्या यंत्रासमोर आपण आठ तास उभे राहतो त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. म्हणून एकेक शब्द विचारत गेले. निवृत्त झाल्यावर बॉयलर सुटला, शब्द सुटले नाहीत. 

त्यांचा एक नियम मात्र कारखान्यातूनच आलेला होता. बॉयलरची परीक्षा घेणारे साहेब नुसत्या पाठांतरावर कुणाला पास करत नसत. व्हॉल्व्हला हात लावून दाखवावा लागे. जगनरावांनी तोच कायदा फळ्याला लावला. वापरल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. इथे वापरणं म्हणजे वाक्यात उपयोग करणं नव्हे. शब्द अंगावरून जायला हवा.

यामुळे काही शब्द महाग पडले. ‘हॅगल’ म्हणजे घासाघीस. मूळ अर्थ कापणे, तोडणे. तो शब्द मिळवायला जगनराव कल्याणच्या भाजीबाजारात गेले आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून इतके अडून बसले की भाजीवालीने कंटाळून जुडी त्यांच्या पिशवीत फुकट टाकली आणि म्हणाली, “घ्या बाबा, घरी काही अडचण असेल.” त्या दिवशी शब्द मिळाला, पण ते आठवडाभर बाजाराकडे फिरकले नाहीत. ‘मसल’ म्हणजे स्नायू. लॅटिनमध्ये या शब्दाच्या पोटात लहानसा उंदीर आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या मितेशला जिन्यात अडवून दंड फुगवायला लावला आणि कातडीखाली उंदीर धावतो का ते नीट पाहिलं. ‘पॅनिक’ तर कित्येक महिने रखडला होता, कारण जगनराव घाबरत नाहीत. शेवटी डोंबिवलीला मुलाच्या इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली आणि दिवे गेले. दार उघडलं तेव्हा आतली माणसं रडवेली झाली होती आणि जगनराव घामाघूम चेहऱ्याने हसत होते. “मिळाला,” एवढंच ते म्हणाले. सून स्वप्ना अजूनही ही गोष्ट पाहुण्यांना सांगते.

त्यांच्या पत्नी भीमाबाई. त्यांना या शब्दांचं कौतुकही नाही आणि तक्रारही नाही. जगनराव जे बोलतील त्याला उत्तर देणं हे मात्र त्या आपलं काम समजतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जगनरावांचं एकही वाक्य त्यांनी तसंच जमिनीवर पडू दिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात भीमाबाईंना एकदा भोवळ आली होती. तपासलं तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि उन्हापासून जपायला सांगितलं. ते जगनरावांनी असं मनावर घेतलं की बघत राहावं. सकाळी नऊनंतर ऊन उतरेपर्यंत भीमाबाईंनी घराबाहेर पडायचं नाही. भाजी, दळण, दूध, सगळं जगनराव आणणार. गच्चीवर वाळवण घालायचं तर तेही जगनराव, आणि त्यांनी घातलेल्या पापडांची नक्षी पाहून शेजारणी खूप हसल्या. घरात ऊन शिरू नये म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना त्यांनी जाड पडदे लावले. आपल्या बायकोला उन्हाची झळ लागू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि ठरवलेलं ते पाळत होते.

स्वयंपाकघराची खिडकी मात्र उन्हासाठी बंद नव्हती. ती आधीपासूनच बंद होती. येऊरच्या डोंगराकडून येणारा वारा त्या खिडकीतून थेट गॅसवर येई आणि ज्योत हलवी. हललेली ज्योत जगनरावांना बघवत नसे. निळी, सरळ, स्थिर ज्योत म्हणजे चांगलं जळण. फडफडणारी ज्योत म्हणजे अटेंडंटचं लक्ष नाही. उभी हयात त्यांनी भट्टीच्या काचेतून हेच पाहिलं होतं. त्यामुळे गॅस चालू असताना खिडकी बंद आणि पंखा बंद, हा घरचा कायदा होता. एक्झॉस्ट पंख्याचा विषय स्वप्नाने दोनदा काढून पाहिला.

“पप्पा, छोटासा बसवू. मम्मींना बरं पडेल.”

“हवा ओढली की फ्लेम वाकते,” जगनराव म्हणाले. “वाकलेली फ्लेम म्हणजे अर्धी आच भिंतीला. भिंत शिजवायचीय का आपल्याला?”

“भिंत शिजली तर तीच वाढीन ताटात,” आतून भीमाबाई म्हणाल्या.

विषय तिथेच राहिला. घर सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची, आणि खाली ती चार पावलांची खोली.

यंदा मे महिना लागला आणि ठाणं भाजून निघालं. एका सकाळी मितेशने फळ्यापाशी मोटरसायकल थांबवली.

“काका, काल न्यूजमध्ये सारखं चाललेलं, ठाण्यात स्वेल्टरिंग हीट. ह्याचं खानदान काढा ना. भारी असणार काहीतरी.”

जगनरावांनी दुपारी जाड चष्मा लावला, कोश उघडला, मग फोनवरही ताडून पाहिलं. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले. भीमाबाई भाकरी थापत होत्या.

“ऐक. स्वेल्टर म्हणजे उकाड्याने जीव नकोसा होणं. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ शब्द होता, त्याचा अर्थ काय माहितेय? मरणं. सरळ मरणं. पुढे तो मऊ झाला, उष्म्याने चक्कर येणं एवढ्यावर आला. मग त्याला मागे ‘अर’ लागला. हा ‘अर’ लागला की एखादी क्रिया पुन्हा पुन्हा होते असं समजायचं.”

“म्हणजे पुन्हा पुन्हा मरायचं,” भीमाबाई म्हणाल्या.

“तसं म्हण हवं तर. थोडं थोडं.”

“सकाळ-संध्याकाळ.” भीमाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पदराने मान पुसली. “आणि तुमचा नियम काय? वापरल्याशिवाय लिहायचं नाही. मग आता मरून दाखवणार का?”

“मरायचं नाही. कासावीस व्हायचं. पण मला उकडतच नाही ना, तीच पंचाईत आहे.”

“खिडकी उघडा, मग सांगते तुम्हाला कुठं उकडतं ते.”

“फ्लेम हलेल,” जगनराव म्हणाले आणि खुर्ची घेऊन बाहेर गेले. दाराशी जरा गरम होत होतं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. भर दुपारी ते गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीशेजारी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले. टाकीच्या सावलीत एक कबुतर चोच उघडून बसलं होतं. ते त्यांच्याकडे बघत होतं, ते त्याच्याकडे. शेवटी कबुतर उडून गेलं. जगनराव बराच वेळ बसून खाली आले. बनियन पिळून निघेल इतका घाम, पण चेहरा टवटवीत.

“काय, गेला का जीव?” भीमाबाईंनी विचारलं.

“नाही. उलट मोकळं वाटलं.”

“जाऊ पण देऊ नका. दळण आणायचंय.”

मग त्यांना कल्याणचा त्र्यंबक आठवला. त्र्यंबक शिंदे, त्यांच्याच पाळीतला, बॉयलरवरचा जोडीदार. दोघांनी एकत्र उष्मा खाल्ला होता. त्याला विचारावं आणि वाटेत शब्दही मिळतो का पाहावं, असा दुहेरी बेत करून जगनरावांनी मुद्दाम शीळफाट्यावरून जाणारी बस पकडली, तीही दुपारची, आणि जागा घेतली ती इंजिनाशेजारची. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगा लागलेल्या. बस जी थांबली ती थांबलीच. लोक वर्तमानपत्रांनी वारा घेत होते, एक बाई बाळाच्या डोक्यावर ओला रुमाल धरून होत्या, ड्रायव्हर सरकारपासून सासऱ्यापर्यंत सगळ्यांवर तोंडसुख घेत होता. इंजिनाच्या झाकणाची धग जगनरावांच्या गुडघ्याला लागत होती. ती ओळखीची धग, ती घरघर, तो जळक्या तेलाचा वास. त्यांना गाढ झोप लागली. कल्याणला कंडक्टरने खांदा हलवून उठवलं.

“बाबा, बरंय ना? लोक उकडून मेले इथं आणि तुम्ही घोरताय.”

“तेच तर,” जगनराव खिन्नपणे म्हणाले.

त्र्यंबकने हकीकत ऐकली आणि तो पोट धरून हसला. “जगन्या, आपल्याला नाही मिळायचा हा शब्द. आपण लोखंड झालो. तुला तो नवीन पोरगा आठवतो का, जूनमध्ये भट्टीपुढे पडलेला?”

“आठवतो की. आपणच उचललेला. आधी बडबडत होता, मग बोलायचा बंद झाला. कपाळ कोरडं ठाक.”

“घाम थांबला की समजायचं, साहेब सांगायचे. घाम येतोय तोवर माणूस आपला.” त्र्यंबकने आत हाक मारली, “तुळसा, चहा टाक गं जगनला.”

“टाकलाय कधीचा,” त्याची बायको तुळसा आतून म्हणाली.

जगनरावांनी मान वळवून पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, छताचा पंखा गरगरतोय आणि चहाखालची ज्योत वेड्यासारखी नाचतेय. त्यांना राहवलं नाही. “त्र्यंबक, फ्लेम बघ जरा. इतकी वर्षं बॉयलरवर राहून हे?”

“तिथं पगार मिळायचा म्हणून बघायचो,” त्र्यंबक म्हणाला. “इथं मी फ्लेमकडं बघायला गेलो की तुळसा माझ्याकडं बघते.”

चहा उकळायला वेळ लागला खरा, पण तुळसाबाई कप घेऊन बाहेर आल्या त्या हसतमुख आणि कोरड्या लुगड्यात. जगनरावांनी हे पाहिलं, आणि चहा जरा कमी उकळला आहे, एवढाच निष्कर्ष काढून ते परतले.

दोन-तीन दिवसांनी बुद्धपौर्णिमा आली. या दिवशी भीमाबाईंची खीर सबंध जिन्यात वाटली जाते. मोठं पातेलं, जाडसर तांदूळ, भरपूर दूध, आणि ढवळणं थांबवायचं नाही, ही त्यांची पद्धत. दुपारी डोंबिवलीहून मुलगा प्रशांत, स्वप्ना आणि नात जेवायला येणार होते. जगनराव पांढरे कपडे घालून सकाळीच विहारात वंदनेला गेले. भीमाबाई संध्याकाळच्या कार्यक्रमाला जाणार होत्या, सकाळ खिरीची होती.

वंदना झाली, ओळखीच्या लोकांशी जय भीम झाला, मितेशसारखंच तिथेही कुणीतरी विचारलं की स्वेल्टरचं काय झालं. “शोधतोय,” म्हणून जगनराव घरी निघाले. जिने चढताना त्यांना वरून दूध आटल्याचा वास आला. चप्पल काढता काढता ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, “भीमा, खीर झाली का गं? खाली लोक विचारतायत, सोनावणेंकडं यंदा उशीर का.”

आतून उत्तर आलं नाही.

जगनराव एक पाय चपलेत ठेवून थांबले. दूरदर्शन बंद होतं, नळ बंद होता, पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज येत होता. म्हणजे भीमाबाई आत होत्या, जाग्या होत्या, आणि त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

ते आत गेले. भीमाबाई ओट्याला एका हाताने धरून उभ्या होत्या. दुसरा हात डाव फिरवत होता, पण त्या खिरीकडे बघत नव्हत्या, कुठेच बघत नव्हत्या. तोंड लाल. आणि कपाळ कोरडं. अगदी कोरडं.

“भीमा.”

“अं,” त्या म्हणाल्या. नुसतं अं.

मग जगनरावांनी जे केलं ते विचार करून केलं नाही, हातांनीच केलं. आधी गॅस बंद. मग तिला काखेत धरून बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली लादीवर. पाय उशीवर. ओला पंचा मानेला, काखेत, कपाळाला. मग खिशातून फोन काढून शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टर मेघनाताईंना लावला, आणि आपलं नाव सांगायचं विसरून ‘चौथा मजला, चौथा मजला’ एवढंच म्हणत राहिले. कारखान्यात तो पोरगा पडला तेव्हा त्यांची अशी गडबड झाली नव्हती.

डॉक्टर मेघनाताई ओल्या केसांची गुंडाळी तशीच ठेवून आल्या. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, ताप पाहिला. भीमाबाई आता डोळे उघडून बघत होत्या आणि मीठसाखरेचं पाणी घोट घोट घेत होत्या.

“वेळेवर अंग थंड केलंत. अजून थोडं ताणलं असतं तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “उष्म्याचा त्रास आहे. उन्हात कुठे गेल्या होत्या?”

“उन्हात?” जगनरावांना ते लागलं. “मी तिला सकाळी नऊनंतर उंबरा ओलांडू देत नाही डॉक्टर. गेलं वर्षभर सगळं मीच आणतो.”

“मग कुठे होत्या?”

“घरातच. स्वयंपाकघरात.”

डॉक्टर उठून स्वयंपाकघरात डोकावल्या. गॅस बंद होऊन बराच वेळ झाला होता. त्या लगेच परत आल्या आणि ओढणीने वाफ धरलेला चष्मा पुसू लागल्या.

“काका, आत नक्की काय चालवता तुम्ही?”

“खीर,” जगनराव म्हणाले.

डॉक्टरांनी आज दिवसभर झोपून राहायला सांगितलं, दोन दिवस गॅसजवळ जायचं नाही म्हणाल्या, संध्याकाळी परत येते म्हणाल्या आणि गेल्या. जगनराव बायकोशेजारी लादीवर बसून राहिले. पंखा फिरत होता. भीमाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांना बघत बसावं, एवढंच जगनरावांना सुचत होतं.

“अहो,” थोड्या वेळाने त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “खीर खाली लागेल.”

“लागू दे.”

“दूध आहे इतकं. पौर्णिमेची खीर आहे. लोक येतील. गॅस लावा आणि ढवळा. बारीक ठेवा. ढवळायचं थांबायचं नाही.”

बॉयलर अटेंडंटला त्यात काय अवघड? जगनरावांनी शर्ट काढून ठेवला, गॅस लावला, ज्योत निळी आणि सरळ करून घेतली आणि डाव हातात घेतला. खिडकी बंदच होती. ती बंद आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, इतकी ती नेहमीची बंद होती.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग घाम आला. तो तर गच्चीवरही आला होता. मग दुधाची वाफ तोंडावर येऊ लागली, तिला जायला जागा नव्हती, म्हणून ती तिथेच राहिली आणि तिच्या मागून दुसरी आली. डोक्यावरचा स्लॅब वरून शेकत होता, ज्योत पोटाला शेकत होती. श्वास घेतला तर तोही गरम. त्यांना दाराशी जाऊन यावंसं वाटलं, पण ढवळायचं थांबायचं नव्हतं. आणि त्या क्षणी त्यांना कारखान्यातलं बॉयलर हाऊस दिसलं. उंच पत्रा, वर धुराड्याजवळ वारा खेळवणारे झरोके, आणि भिंती तीनच. चौथ्या बाजूला भिंतच नव्हती, तिथून थेट पिंपळ दिसायचा. शिवाय दर थोड्या वेळाने मीटर बघायला, पाणी बघायला, पंप बघायला बाहेर एक फेरी. सबंध नोकरीत ते कधीही बंद खोलीत आगीपुढे उभे राहिले नव्हते. कायद्याने तसं उभं करता आलंच नसतं.

लोखंड झालोय असं त्यांना वाटत होतं. झाले बिले काही नव्हते. वारा होता, एवढंच.

कानात ठोके पडू लागले. कासावीस होऊन जीव गळ्याशी आला, मग जरा बरं वाटलं, मग पुन्हा आला. पुन्हा पुन्हा. हाच तो, हे त्यांना कळलं, पण ‘मिळाला’ असं काही तोंडातून निघालं नाही. सकाळ-संध्याकाळ, असं भीमा म्हणाली होती. ते दाराशी खुर्ची टाकून तिला शब्दाचा अर्थ समजावून सांगत होते, आणि तिने भाकरी टाकता टाकता त्याचा उपयोग सांगितला होता.

डाव्या हाताने त्यांनी खिडकीची कडी ओढली. ती गंजून बसली होती. डाव पातेल्यात सोडून दोन्ही हातांनी ओढावी लागली. खिडकी करकरत उघडली आणि येऊरकडचा वारा आत घुसला. ज्योत आडवी झाली, पिवळी झाली, फडफडली. जगनरावांनी तिच्याकडे पाहिलं. विझली नाही. दुधाने थोडा वेळ दम खाल्ला आणि मग पुन्हा बुडबुडे यायला लागले.

“कसला आवाज आला?” बाहेरून भीमाबाईंनी विचारलं.

“कुठं काय.”

“खिडकी उघडलीत?”

“जरा.”

“फ्लेम हलत असेल.”

“हलतेय,” जगनराव म्हणाले. “तू पड.”

दुपारी डोंबिवलीची मंडळी आली. सासूला झोपलेली आणि सासऱ्यांना बनियनवर खीर ढवळताना पाहून स्वप्ना दारातच थबकली. मग उघडी खिडकी तिच्या नजरेस पडली. माप घ्यायची टेप कुठे ठेवलीय, असं तिने नवऱ्याला हळूच विचारलं. खीर किंचित खाली लागली होती. जिन्यातल्या सगळ्यांनी ती चांगली झालीय असं सांगितलं, फक्त मितेश म्हणाला, “काका, स्मोकी फ्लेवर आहे, एकदम हॉटेलवाला.”

रात्री जेवणं झाल्यावर जगनराव पलंगाजवळ बसले. “भीमा, तो शब्द मिळाला. पण तो माझा नाही, तुझा आहे. तू म्हणत असशील तर फळ्यावर खाली तुझं नाव घालतो.”

“माझं नाव फळ्यावर?” भीमाबाई उठून बसल्या. “काय डोकं चालतंय तुमचं. त्या फळ्यावर माणसाचं नाव कधी लिहितात? उद्या सकाळी लोक हार घेऊन येतील वर.”

जगनरावांना तिच्या या उत्तराने इतकं बरं वाटलं की ते उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द आला. स्वेल्टर. अर्थ, उकाड्याने जीव कासावीस होणे. मूळ अर्थ, मरणे. शेवटचा ‘अर’ पुन्हा पुन्हा या अर्थी. त्याच्या खाली एक ओळ होती, जी खानदानात बसत नव्हती: स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवू नये, ज्योत हलली तरी चालते. मितेशने ती दोनदा वाचली.

“काका, हे डिक्शनरीत आहे?”

“असायला पाहिजे होतं,” जगनराव म्हणाले आणि भाजी आणायला गेले.

भीमाबाई डॉक्टरांचं म्हणणं ऐकून दोन दिवस गॅसपासून लांब राहिल्या. त्या दोन दिवसांत जगनरावांनी केलेला स्वयंपाक दोघांनीही लोणच्याबरोबर खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्या ओट्यापाशी परतल्या. एक्झॉस्ट पंखा रविवारी बसणार होता, तोवर जगनरावांनी स्टुलावर टेबलफॅन आणून ठेवला आणि त्याच्यामागे उकिडवे बसले. पंखा किती उचलायचा, किती वळवायचा, हे ठरत नव्हतं.

“अजून इकडं,” भीमाबाई म्हणाल्या. “नको, इतका नको, पीठ उडतंय.”

त्यांनी तो बोटभर वळवला.

“आता?”

“आता माझी वेणी उडतेय. खाली करा.”

त्यांनी खाली केला. वारा भीमाबाईंच्या खांद्यावरून जाऊन खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला मिळाला, आणि तव्याखालची ज्योत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकू लागली.

“बघा तुमची फ्लेम कशी नाचतेय,” भीमाबाई म्हणाल्या. “तुम्हाला झोप लागणार नाही आज.”

जगनराव ज्योतीकडे बघत नव्हते. ते बायकोच्या कपाळाकडे बघत होते. केसांच्या कडेला थेंब जमले होते, एक ओघळून भुवईवर आला होता.

“घाम आलाय तुला,” ते समाधानाने म्हणाले.

“मे महिना आहे,” भीमाबाई म्हणाल्या. “काय यायला पाहिजे होतं?”